वॉटर पार्कला जाताय? आधी कपड्यांचं बोलून घ्या

मे महिना लागला की शनिवार पेठेतल्या सोसायट्यांच्या, भिशीच्या आणि मंडळांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक दिवसाच्या सहलींचे बेत शिजायला लागतात. कुणी सिंहगडाच्या पायथ्याचं वॉटर पार्क सुचवतं, कुणी लोणावळ्याचं, तर कुणी खोपोलीजवळच्या इमॅजिकाचा आग्रह धरतं. बस ओंकारेश्वरापाशी थांबवायची की शनिवारवाड्यासमोर, नाश्ता कुठे करायचा, डबा आत नेता येतो का, यावर चर्चा रंगते. कपड्यांचा विषय मात्र कुणी काढत नाही. बायका एकमेकींना खासगीत विचारतात, पुरुष सगळं गृहीत धरतात आणि आजी-आजोबांना तर कुणी विचारतच नाही. मग पाण्याच्या कडेला शिट्टी वाजते, ‘मॅडम, या कपड्यांत चालणार नाही’ असं ऐकावं लागतं आणि चारचौघांत ओशाळायला होतं. पूर्ण तिकीट काढून दिवसभर काठावर पिशव्या सांभाळत बसलेल्या बायका कुठल्याही वॉटर पार्कमध्ये दिसतात. त्यांतल्या कितीतरी जणींना पाण्यात उतरायचं असतं. नियम आदल्या आठवड्यात कळले असते, तर त्या उतरल्याही असत्या.

पार्कच्या फलकावर एकाखाली एक लिहिलेले नियम एकाच प्रकारचे नसतात, हे मुळात लक्षात घ्यायला हवं. काही नियम जिवासाठी असतात, काही सभ्यतेसाठी. कापड कोणतं, बटण आहे का, ओढणी आहे का, हे जिवाचे नियम. कपडा तोकडा आहे का, टी-शर्टवर काय लिहिलंय, हे सभ्यतेचे. माझं म्हणणं असं की जिवाच्या नियमांशी अजिबात वाद घालू नये आणि सभ्यतेच्या नियमांबद्दल प्रश्न विचारायला अजिबात लाजू नये. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. ‘एवढ्याशा ओढणीनं काय होतंय’ म्हणून रक्षकाशी भांडण काढतात आणि कुणी मुलीच्या कपड्यांवर शेरा मारला की मात्र सगळे गप्प बसतात.

आधी जिवाचं पाहू. बहुतेक वॉटर पार्कमध्ये पाण्यात उतरायला नायलॉनचा किंवा लायक्राचा पोशाख सक्तीचा असतो. साडी, सलवार-कमीज, जीन्स, सुती टी-शर्ट, बनियन, पायजमा यांना मनाई असते. हा काही साडीवरचा राग नाही. सुती कापड पाणी पितं आणि जड होतं. लाटांच्या तलावात पाय निसटला, तर अशा कपड्यांत हातपाय मारणं अवघड होतं. भिजलेला घोळ पायात अडकतो. घसरगुंडीवर जाड कापडाच्या घर्षणानं माणूस मध्येच थांबतो आणि मागून येणारा माणूस वेगात येऊन आदळतो. जीन्सची धातूची बटणं आणि चेन घसरगुंडीच्या फायबरला चरे पाडतात आणि त्या चऱ्यांनी पुढच्या माणसाची कातडी सोलवटते. सुताचे तंतू आणि कच्चा रंग पाण्यात उतरतो, तो गाळणयंत्रात जातो आणि त्याच पाण्यात आपली मुलं नाकातोंडात पाणी जाईस्तोवर खेळत असतात.

घरातल्या ज्येष्ठ स्त्रिया म्हणतात, आम्ही नाही का नऊवारीत पोहलो? खरंच पोहल्या. काष्टा घट्ट मारून विहिरीत उड्या घेणाऱ्या बायका महाराष्ट्रानं पाहिल्या आहेत. पण विहिरीत घसरगुंडी नव्हती, मागून वेगानं येणारा माणूस नव्हता आणि पाणी ओढणारा पंप नव्हता. त्यांना हे असं समजावून सांगितलं तर पटतं. ‘तिथे साडी चालत नाही’ एवढंच तुटक सांगितलं, तर त्यांना तो स्वतःचा अपमान वाटतो आणि त्या घरीच राहतात.

पोशाख म्हणजे अंग उघडं टाकणं, हा गैरसमज अजून आहे. कोपरापर्यंत किंवा मनगटापर्यंत बाह्यांचा, गुडघ्याखाली जाणारा, वरून झालर असलेला पोहण्याचा पोशाख सहज मिळतो. डोकंही झाकणारी बुर्किनी मिळते आणि योग्य कापडाची असेल तर ती अनेक पार्कमध्ये चालते. पेठेतून चालत जाता येईल अशा लक्ष्मी रस्त्याच्या परिसरात, खेळाच्या सामानाच्या दुकानांत चौकशी करा. घ्यायच्या आधी कापड दोन्ही हातांनी ताणून उजेडात धरा, आरपार दिसलं तर ठेवून द्या. घरी आणल्यावर न्हाणीघरात घालून दोन तांबे पाणी ओता आणि दिव्याखाली उभ्या राहा. फिका गुलाबी, पांढरा, पिवळट रंग कोरडा असताना निर्दोष दिसतो आणि भिजल्यावर घात करतो. पुरुषांनीही ही परीक्षा द्यावी. पांढऱ्या पातळ चड्डीत पाण्यात उतरणाऱ्या काकांना कुणी काही बोलत नाही, म्हणून ते सभ्य ठरत नाही. अंतर्वस्त्रावर पाण्यात येऊ नये, हा नियम बहुतेक ठिकाणी असतो आणि तो सर्वांत जास्त पुरुषच मोडतात.

ऐन वेळी पोशाख भाड्यानं मिळतो. खिडकीवर अनामत भरायची, माप सांगायचं आणि घडी हातात घ्यायची. पण तिथल्या तिथे घडी उघडून बघा. कमरेचं इलॅस्टिक ढिलं पडलेलं असतं, काखेत शिवण उसवलेली असते, मोठ्या मापाचे पोशाख सकाळी दहालाच संपलेले असतात. लाटेच्या एका फटक्यात ढिली विजार गुडघ्यावर आली की त्या बाईचा सगळा दिवस गेला. ओलसर लागला तर बदलून मागा, तो नीट वाळलेला नसतो आणि त्वचेचे विकार असेच पसरतात. अनामतीची पावती जपून ठेवा आणि जमत असेल तर स्वतःचाच पोशाख न्या.

लहान मुलांसाठी आणखी एक सांगते. निळा, पांढरा, राखाडी रंग पाण्याखाली दिसत नाही. भडक केशरी, लाल, पोपटी घाला. गर्दीत बुडणारं मूल आवाज करत नाही, रंगानंच दिसतं. लंगोटातल्या बाळाला साधा डायपर चालत नाही, पाण्यात तो फुगून फाटतो. पाण्यासाठीचा वेगळा डायपर औषधाच्या दुकानात मिळतो.

आता मंगळसूत्राचं. हा विषय सहलीच्या दिवशी पार्कच्या दारात काढू नका. साखळी घसरगुंडीच्या सांध्यात अडकू शकते, दुसऱ्याच्या बोटात गुंतू शकते, गळ्याला काचू शकते आणि तुटून पाण्यात गेली तर सापडत नाही. काचेच्या बांगड्या फुटल्या तर अनवाणी पायांनी फिरणाऱ्या पोरांच्या तळव्यात जातात. हे सगळं आदल्या रात्री घरी काढून कपाटात ठेवा. सासूबाईंना वाईट वाटेल अशी धास्ती असेल, तर नवऱ्यानं आदल्या दिवशी आईशी बोलावं. हे त्याचं काम आहे, सुनेचं नाही. जानवं, गंडे-दोरे, लांब माळा यांनाही हाच न्याय.

कोरड्या खेळांतही मोकळे केस किंवा लोंबता कपडा जीव घेऊ शकतो. २०१८ च्या फेब्रुवारीत हरियाणातल्या पिंजोरच्या करमणूक केंद्रात गो-कार्टच्या चाकात केस गुंतून एका तरुण स्त्रीचा मृत्यू झाला. नवरा आणि मूल सोबत होतं. तेव्हा गो-कार्टमध्ये बसताना वेणी नुसती बांधू नका, गुंडाळून हेल्मेटच्या आत घ्या. ओढणी, स्कार्फ, लांब फिती असलेला कुर्ता, खांद्यावरची शाल गाडीत नकोच. कर्मचाऱ्यानं नाही विचारलं तरी आपण विचारा. इमॅजिकातल्या ‘नायट्रो’सारख्या पाळण्यात पायाखाली जमीन नसते, पाय मोकळे लोंबतात. चप्पल, चष्मा, खिशातला मोबाइल खालच्या माणसाच्या डोक्यात पडू शकतो. मागे पट्टा असलेली पादत्राणं आणि चेनचा खिसा असलेली विजार, एवढी तयारी पुरते.

हे झाले जिवाचे नियम. सभ्यतेचे नियम अवघड, कारण तिथे मोजपट्टी नसते.

१९३८ साली मास्टर विनायकांचा ‘ब्रह्मचारी’ आला. कथा आचार्य अत्र्यांची. त्यात मीनाक्षी शिरोडकरांनी पोहण्याच्या पोशाखात गाणं केलं आणि महाराष्ट्रात केवढा गहजब झाला. आज तसाच, किंबहुना त्याहून अंगभर पोशाख वॉटर पार्कमध्ये सक्तीचा आहे. अश्लील काय, याचं उत्तर एका पिढीत बदलतं. म्हणून दुसऱ्याच्या कपड्यांबद्दल जाहीर निकाल देण्याआधी जरा थांबावं.

कायदाही बराच पुढे आला आहे. २०२३ साली नागपूर जिल्ह्यात उमरेड भागातल्या तिरखुरा इथल्या एका रिसॉर्ट आणि वॉटर पार्कच्या सभागृहात पोलिसांनी छापा घातला. तोकड्या स्कर्टमध्ये नाचणाऱ्या स्त्रिया आणि पाहणारे पुरुष यांच्यावर अश्लील कृत्याचा गुन्हा नोंदवला. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात न्यायमूर्ती विनय जोशी आणि न्यायमूर्ती वाल्मिकी मेनेझेस यांनी तो गुन्हा रद्द केला. तोकडे कपडे घालणं किंवा पोलिसांना अश्लील वाटतील असे हावभाव करणं, एवढ्यानंच ते अश्लील कृत्य ठरत नाही. आजच्या समाजात स्त्रिया असे कपडे, पोहण्याचा पोशाखही घालतात आणि ते स्वीकारलं गेलं आहे, असा त्या निकालाचा आशय आहे. अश्लील कृत्याबद्दलचं जुन्या दंडविधानाचं २९४ कलम आता भारतीय न्याय संहितेत २९६ झालं आहे. पण कुणाच्या नजरेला खुपलं म्हणून गुन्हा होत नाही, ही गोष्ट तशीच राहते. तुमच्या मुलीला कुणी ‘पोलिसांत देऊ’ म्हणून दरडावलं, तर हा निकाल माहीत असू द्या.

याचा अर्थ पार्कला नियमच करता येत नाहीत, असा नाही. खासगी जागेचा मालक पोशाखाचा नियम ठेवू शकतो. पण तो आधी सांगितलेला हवा आणि सर्वांना सारखा हवा. राज्यघटनेचं १५ (२) कलम सांगतं की केवळ धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणत्याही नागरिकाला दुकान, उपाहारगृह किंवा सार्वजनिक करमणुकीच्या ठिकाणी अटकाव करता येत नाही. सगळ्यांना लायक्रा सक्तीचा असेल तर तो नियम झाला. त्याच लायक्राची बुर्किनी घातलेल्या बाईला मात्र ‘तुम्हाला नाही’ म्हटलं, तर ती अडवणूक झाली. तिथे आपल्या गटातल्या माणसांनी तिच्या बाजूनं उभं राहायला हवं, ती आपल्या गटातली नसली तरी.

आक्षेपार्ह कपड्यांत लांबी-रुंदीपेक्षा मजकुराकडे आपलं लक्ष कमी जातं. फुटपाथवर ढिगातून उचललेला टी-शर्ट. रंग छान, माप बरोबर, दीडशे रुपयांत मिळाला म्हणून आई खूश. छातीवर काहीतरी इंग्रजी लिहिलेलं असतं, ते कुणी वाचत नाही. आठ वर्षांच्या मुलाच्या अंगावर शिवी, गांजाचं पान किंवा बायकांबद्दल घाणेरडी कोटी छापलेली मी पाहिली आहे. मुलाला अर्थ माहीत नाही, आईला माहीत नाही, पण रांगेतल्या इतरांना माहीत असतो. अर्थ कळत नसेल तर कॉलेजातल्या भाचीला फोटो पाठवून विचारा, मग पैसे द्या. जातीचा अहंकार मिरवणाऱ्या, दुसऱ्या समाजाला डिवचणाऱ्या टी-शर्टनाही माझा विरोध आहे. चार तास एकाच तलावात अनोळखी माणसांबरोबर राहायचं असतं, तिथे अंगावर भांडण लिहून जाऊ नये. तोकड्या चड्डीपेक्षा मला हे कपडे जास्त आक्षेपार्ह वाटतात.

पुण्याहून खोपोलीकडे जाणाऱ्यांची आणखी एक अडचण असते, ती म्हणजे देवदर्शन. वाटेवर कार्ल्याची एकवीरा, पुढे महडचा वरदविनायक आणि पालीचा बल्लाळेश्वर. सहलीत एक तरी देऊळ येतंच. एकवीरेच्या देवस्थानानं जुलै २०२५ पासून पोशाखाचा नियम केला आहे. तोकडे कपडे, फाटक्या जीन्स तिथे चालत नाहीत. मुंबईच्या सिद्धिविनायकानं त्याच वर्षीच्या सुरुवातीला असाच नियम जाहीर केला होता. उलट तुळजापूरला मे २०२३ मध्ये असे फलक लागले आणि विरोध होताच त्याच दिवशी मागे घेतले गेले. म्हणजे दर ठिकाणी नियम वेगळा आणि तो बदलतो. यावरचे वाद ज्याला घालायचे त्यानं घालावेत. पण पन्नास माणसांची बस खाली उभी असताना पायऱ्या चढून गेलेल्या दहावीतल्या मुलीला हाफ पँटवरून परत पाठवलं, तर तो वाद तिच्या डोळ्यांतल्या पाण्यानं मिटत नाही. म्हणून देऊळ आधी ठेवा, पार्क नंतर. सकाळी साधी सलवार किंवा पूर्ण विजार, बॅगेत पोहण्याचा पोशाख. बसमध्ये चार-पाच जादा पंचे किंवा लुंग्या ठेवा, मुलांनाही लागतात. आणि निघण्याच्या आदल्या दिवशी देवस्थानाला फोन करून सध्याचा नियम विचारा.

मुलांकडे परदेशात जाणाऱ्या ज्येष्ठांसाठीही थोडंसं. फ्लोरिडा आणि कॅलिफोर्नियातल्या डिस्नेच्या उद्यानांत १४ वर्षांच्या आणि त्याहून मोठ्या पाहुण्यांना एरवी सोंगाचे पोशाख आणि मुखवटे घालता येत नाहीत. शिव्या किंवा आक्षेपार्ह चित्रं असलेले कपडे, फार अंगप्रदर्शन करणारे आणि जमिनीवर लोळणारे कपडे यांनाही बंदी आहे. साडी नेसणार असाल तर घोट्याच्या वर नेसा, सरकत्या पट्ट्यावरही बरं पडतं. दुबई-अबूधाबीत वॉटर पार्कमध्ये पोहण्याचा पोशाख चालतो, पण तिथून त्याच पोशाखात मॉलमध्ये जाऊ नका. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, अशा सूचना तिथे लावलेल्या असतात.

आता पैशांचं. तिकीट ऑनलाइन काढताना पोशाखाचे नियम दिसतात का, ते बघा आणि दिसले तर त्या पानाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. नियम कुठेच सांगितलेला नसेल आणि दारात अडवलं, तर आवाज चढवू नका. व्यवस्थापकाला बोलवा, नियम लेखी कुठे आहे ते विचारा, नाव आणि वेळ टिपून घ्या आणि पैसे परत मागा. नाही दिले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. दारातल्या पोरसवदा रक्षकावर ओरडून काही होत नाही, नियम त्यानं केलेला नसतो.

सर्वांत जास्त काळजीची गोष्ट मात्र कपड्यांची नाहीच, मोबाइलची आहे. स्वतःच्या घरच्यांचे फोटो काढताना मागे ओल्या कपड्यांतल्या कुणाच्या लेकी-सुना येतात. ते फोटो गटावर टाकू नका. मुद्दाम अनोळखी बायकांवर कॅमेरा रोखणारा कुणी दिसला, तर त्या बाईला सावध करा आणि रक्षकाला बोलवा. कपडे बदलायच्या खोलीत शिरल्यावर आधी दाराची कडी, मग आरशाची कड, खुंट्या, धूर-सूचक, छताजवळची भोकं पाहा. स्त्री कपडे बदलत असताना तिचं चित्रीकरण करणं भारतीय न्याय संहितेच्या ७७ व्या कलमाखाली गुन्हा आहे, पहिल्या खेपेलाही एक ते तीन वर्षांची शिक्षा आहे. काही सापडलं तर हात लावू नका, खोली बंद करून बाहेर थांबा आणि ११२ ला फोन करा. आणि अशा वेळी ‘तू हे कपडे घातलेस म्हणून’ हे वाक्य घरातल्या कुणाच्याही तोंडून निघू देऊ नका.

शाळांच्या सहली नेणाऱ्या शिक्षकांना आणि मंडळांच्या कार्यकर्त्यांना माझी एक विनंती आहे. पहिल्या सूचनेतच कपड्यांचं स्पष्ट लिहा: पाण्यात कोणतं कापड चालतं, अंगभर पोशाख मिळतो का, भाडं आणि अनामत किती, वाटेत देऊळ आहे का, दागिने घरी ठेवायचे. मुलींच्या पालकांशी एखाद्या शिक्षिकेनं आधी बोलावं, म्हणजे घरून परवानगी नसलेली मुलगी काठावर एकटी बसणार नाही. पैसे गोळा करण्याच्या आधी हे सांगा, नंतर नको.